हौद्यात काय भरतंस?

गाडीच्या लाइनमधल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. उभ्या गाडीवर गंज चढतो तसे ते आपोआप चढत जातात. परवा एका लग्नात जेवणाच्या रांगेत शेजारच्याने विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, "पिकअपच्या हौद्यात एलईडीच्या पट्ट्या लावतो." तो हसला आणि म्हणाला, "त्यात काय एवढं? चिकटवायची!" त्याचं हे बोलणं ऐकून मी ताट हातात धरून त्याला तीन किस्से सांगितले. तोवर पनीर संपलं. त्याने अजून मला माफ केलं नसणार.

तर पट्टी म्हणजे काय, तर पाच मीटरचा एक रोल असतो. वर इवले इवले दिवे, मागे चिकट. पिकअपच्या मागचा उघडा भाग म्हणजे हौदा. त्याच्या काठाखाली ही पट्टी लावायची, वायर बॅटरीपर्यंत न्यायची, स्विच द्यायचा, की हौद्यात उजेड! चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे, तिथे हे काम चालतं. 'आमचा' म्हणायची सवय अजून गेली नाही. गाळा आता मी एकटाच चालवतो.

त्या 'आमचा'तला दुसरा होता सदा. आमचे दोघांचे बाप एकाच गिरणीत होते, एकाच दिवशी घरी बसले, आणि आम्ही दोघे एकाच मिस्त्रीकडे वायरिंग शिकलो. नंतर एकोणीस वर्षं एकत्र धंदा केला. चहा एक कटिंग यायचा, तो आम्ही दोघांत प्यायचो. परवडत नव्हतं तेव्हा सुरू केलं, परवडायला लागल्यावर बंद करायचं राहून गेलं.

सदाच्या दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे गाडी आली की हा आधी हौद्यात चढून मांडी घालून बसणार आणि मालकाला विचारणार, "हौद्यात काय भरतंस?" समोर कोणीही असो. माल कळल्याशिवाय उजेड कुठे पाडायचा ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

दुसरी खोड म्हणजे टेप. प्रत्येक गाडीत तो फ्यूज टाकायचाच. वायरवर जास्त भार आला की वायर जळायच्या आधी जो स्वतः जळतो तो फ्यूज. शिवाय एक जादा फ्यूज तिथेच टेपने चिकटवून ठेवायचा आणि त्या टेपवर मार्करने मालकाचं नाव आणि आतला माल लिहायचा. उद्या दुसऱ्या मिस्त्रीने उघडलं तर ही कुणाची गाडी आहे आणि त्याचं पोट कशावर चालतं ते त्याला कळलं पाहिजे, म्हणून. ओळखीच्या माणसाला तो नाव विचारत नसे. नवा असेल तर मार्करचं टोपण दातांत धरून विचारायचा, "नाव काय लिवू?"

त्याने लिहिलेली सगळ्यात पहिली टेप माझ्या जुन्या स्कूटरवर होती. 'नंदू – वायफळ बडबड.' स्कूटर भंगारात गेली, पण तेवढा टेपचा तुकडा मी काढून ठेवला होता. कुठे ठेवला ते आता सापडत नाही.

मला आयुष्यात दोन गोष्टी टिकवायच्या होत्या. एक हा गाळा आणि एक सदा. बाकी काही फार मागितलं नव्हतं.

*

आमची पहिली पट्टी मालाडच्या एका गादीवाल्याची. त्या वेळी पट्टी नवीन होती, मीच हट्टाने रोल आणून ठेवले होते. गादीवाला आला, सदा हौद्यात चढला.

"हौद्यात काय भरतंस?"

"गाद्या. टपापर्यंत."

सदा विचारात पडला. गाद्या टपापर्यंत भरल्या तर काठाखालची पट्टी झाकली जाणार. उजेड कुणाला दिसणार? त्याने अर्धा तास हौदा मोजला, फुटपट्टी लावली, एकदा तर गादीसारखा आडवा झोपून वर बघितलं. मग म्हणाला, "मागच्या फळक्यार लावूया. उतरताना दिसात."

गादीवाला म्हणाला, "भाऊ, मला दिसायला नकोय. सिग्नलला मागच्या गाडीवाल्याला दिसलं पाहिजे. निळी लावा!"

"मगे हौद्यात कित्याक? डोक्यार लाव, टोपयेत!"

गादीवाला चिडून निघालाच होता. मी धावत जाऊन त्याला परत आणला आणि निळी पट्टी लावून दिली. त्या दिवसापासून आमच्यात कामाची वाटणी झाली. सदा गाड्या बघणार आणि मी गिऱ्हाईक. तेव्हा मला ही वाटणी झकास वाटली होती.

*

हिराबाई मढची. घरची होडी, आणि मासळी धक्क्यावरून बाजारात न्यायला स्वतःची पिकअप. ती सकाळी गाडी घेऊन आली आणि स्टूल ओढून बसली. सोबत डबा. म्हणजे मुक्कामाच्याच तयारीने आली होती.

मासळी म्हटल्यावर सदाची कळीच खुलली. खारं पाणी! त्याने पट्टी काठाच्या खाचेत आत बसवली, दोन्ही टोकं सिलिकॉनने बंद केली, जोड सोल्डर केले. आणि निगेटिव्हची वायर थेट बॅटरीपर्यंत वेगळी ओढली. सगळे मिस्त्री असं करत नाहीत. गाडीच्या पत्र्यालाच स्क्रू मारून निगेटिव्ह जोडून मोकळे होतात, त्याला बॉडी अर्थ म्हणतात. पाच मिनिटांचं काम. पण पत्रा गंजला की जोड सैल, आणि सैल जोड तापतो.

त्या एका गाडीत दिवस गेला. दोन गिऱ्हाइकं बाहेर उभी राहून परत गेली. मी सदाला म्हटलं, "अरे यार, लग्न लावतोयस का गाडीचं?"

"तुका घाई असात तर रिक्षा कर."

मग मी हिराबाईवर माझी हुशारी काढली. हळूच म्हटलं, "हिराबाई, एक सांगू? पांढरीऐवजी थोडी लालसर पट्टी लावू. मासळी काय ताजी दिसेल! गिऱ्हाईक नुसतं उजेडावर घेऊन जाईल."

हिराबाईने डब्यातून वर न बघता विचारलं, "आन् घरी नेल्यावर रं? गिऱ्हाइकाच्या घरी पन तूच बत्ती लावाला जाशील का?"

सदा हौद्यात एवढा हसला की त्याच्या हातातून सोल्डरिंग खाली पडलं. पुढे आठवडाभर येणाऱ्या प्रत्येकाला त्याने हे सांगितलं. हिराबाईच्या टेपवर त्याने लिहिलं, 'हिरा – मासळी, ताजी.'

*

गणपतीत आमच्या सेक्टरमधल्या मंडळाची पिकअप आली. मूर्ती आणायची होती. हौद्याभोवती सात रंगांत पळणारी पट्टी पाहिजे होती.

"हौद्यात काय भरतंस?" सदाने सवयीने विचारलं.

"काका, बाप्पा!"

सदा खाली उतरला, चपला काढल्या आणि परत चढला. चार तास अनवाणी काम केलं. माझ्याकडून पुसायला नवं फडकं मागून घेतलं. असं देखणं काम आमच्या गाळ्यातून तोवर बाहेर पडलं नव्हतं. मंडळाची पोरं त्याच्या पाया पडून गाडी घेऊन गेली.

मिरवणुकीत त्यांनी बुटांसकट हौद्यात चढून दोन मोठे स्पीकर ठेवले. त्यांना करंट कुठून द्यायचा? सदाची वायर दिसतेच आहे, तिलाच जोडले. चौकात आले आणि फटकन सगळं बंद! ढोल थांबले, बाप्पा अंधारात.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष गाळ्यावर आले. सोबत आठ जण. "तुमचं काम फुसकं निघालं. भर चौकात आमची इज्जत गेली. फ्यूज उडाला तुमचा!"

सदा म्हणाला, "फ्यूज उडालो म्हणान बाप्पा रवलो. नायतर बाप्पा उडालो असतो."

खरं होतं ते. त्या वायरवर ते स्पीकर चालले असते तर मूर्तीच्या मखराला आग लागली असती. पण अध्यक्षांबरोबर आठ जण होते, आणि मला त्याच सेक्टरमध्ये राहायचं होतं. मी हात जोडले आणि म्हटलं, "साहेब, चूक झाली. पुढच्या वर्षी फ्यूजशिवाय लावून देतो."

सदाने माझ्याकडे बघितलं. मी वायरच्या रोलकडे बघितलं. बाहेर त्यांच्या पिकअपमध्ये जादा फ्यूज टेपला तसाच चिकटलेला होता, वर 'बाप्पा' लिहिलेलं. तो बदलला असता तर दोन मिनिटांत उजेड आला असता, पण टेप कोणी वाचलीच नव्हती.

*

घाटकोपरला कुठेतरी टॉवर उभा राहत होता. तिथला सुपरवायझर पिकअप घेऊन आला. ऑर्डर मोठी होती, अशा अजून बऱ्याच गाड्या येणार होत्या. मी त्याला खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे फिरवला.

सदा हौद्यात. "काय भरतंस?"

"काही नाही. माणसं."

"काय नाय की माणसां? एक कायतरी सांग."

"लेबर हो! साइटवर न्यायचं, आणायचं."

सदाने पट्टी वर, डोक्याच्या उंचीवर लावली, डोळ्यांत जाऊ नये म्हणून वर पत्र्याची आड दिली. आणि स्विच ड्रायव्हरजवळ न देता हौद्यात दिला. बसलेल्या माणसाला हात लांबवला की लागेल असा. मग टोपण दातांत धरून विचारलं, "नाव काय लिवू?" सुपरवायझरने कंपनीचं नाव सांगितलं. सदाने 'माणसां' एवढंच लिहिलं.

आठवड्याने सुपरवायझर तणतणत परत. "हे काय करून ठेवलंय? स्विच पुढे घ्या! हे लोक रस्ताभर लाइट लावून बसतात!"

"लाइट लावून करतत काय?" सदाने विचारलं.

"जेवतात!"

सदा उठला आणि घरी जेवायला गेला. तो गेल्यावर मी स्विच काढून ड्रायव्हरजवळ दिला. वीस मिनिटं लागली. भोकं राहिली होती, त्यांवर काळी टेप मारली. बाकीच्या गाड्यांची ऑर्डर मिळवायची होती, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ती मिळालीही.

सदा परत आला. हौद्याकडे गेला, काळ्या टेपवर बोट फिरवलं. संध्याकाळी कटिंग आला तेव्हा म्हणाला, "आज तू पी." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी अख्खा ग्लास प्यायलो. चहा काही गोड लागला नाही.

*

आता किटची गोष्ट. पट्टीच्या एका कंपनीला उपनगरात ठिकठिकाणी अधिकृत दुकानं हवी होती. मालाडच्या बाजारात चकचकीत अॅक्सेसरीची दुकानं निघाली होती, आमच्याकडे गाड्या कमी व्हायला लागल्या होत्या, आणि गाळ्याचा मालक भाडेकरू बदलायची भाषा करत होता. कंपनीचा बोर्ड लागला असता तर गाळा टिकला असता. साधा हिशोब होता.

कंपनीचा माणूस आला. टाय, हातात टॅब. किट दाखवलं. कापायचं नाही, सोल्डर करायचं नाही. वायर क्लिपमध्ये दाबली की जोड तयार. निगेटिव्ह पत्र्याला स्क्रूने. एक गाडी चाळीस मिनिटांत बाहेर!

सदाने विचारलं, "हौद्यात काय भरतत?"

"सर, प्रॉडक्ट युनिव्हर्सल आहे. काहीही भरा."

"आणि फ्यूज खंय आसा?"

"सर, आत चिप आहे. व्हिडिओमध्ये सगळं आहे."

"आग लागली तर व्हिडिओ बघीत बसतलंस?"

त्या माणसाने घड्याळ लावून एका पिकअपला किट बसवून दाखवलं. एकतीस मिनिटं! मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. सदाने गाडीची चावी घेतली आणि म्हणाला, "एक राउंड मारून येतंय." सेक्टरला वळसा घालून, सात स्पीडब्रेकरवरून उडवून तो परत आला, तेव्हा अर्धी पट्टी हौद्यात होती आणि अर्धी रस्त्यावर लोळत येत होती.

टायवाला म्हणाला, "सर, हा मिसयूज आहे."

"मगे चारकोपचो रस्तो पण मिसयूज!"

गाळ्यात जमलेले सगळे हसले. टायवालाही हसला. मीही हसलो आणि हसता हसता त्याच्या टॅबवर बोटाने सही केली.

*

बोर्ड लागला. टी-शर्ट आले, छातीवर कंपनीचं नाव. सदाचा टी-शर्ट घडी घालून कपाटावर पडून राहिला. तो जुन्याच शर्टात किट लावायचा. म्हणजे क्लिप काढून सोल्डर करायचा, स्क्रू सोडून वायर ओढायचा, फ्यूज टाकायचा, टेपवर नाव लिहायचा. चाळीस मिनिटांचे दोन तास.

टायवाला पंधरा दिवसांनी आला, तीन गाड्या उघडून बघितल्या. "हे कोण करतंय? अशा गाडीची वॉरंटी संपली. सर, एक तर किटप्रमाणे काम होईल, नाहीतर बोर्ड उतरवावा लागेल."

मी सदाला बाजूला घेतलं. खूप शब्द जुळवून ठेवले होते. सगळे विसरलो आणि म्हटलं, "तू आता गाड्यांना हात लावू नकोस. इथे पुढे खुर्चीवर बस. गिऱ्हाईक बघ."

"गिऱ्हायकांका बघूक मी कित्याक? ता तुका जमता."

एवढंच म्हणाला. आवाज वर-खाली नाही, शिवी नाही. पेटी घेतली, सोल्डरिंग घेतलं, खिशात मार्कर होताच. दारात क्षणभर थांबला. मला 'थांब' म्हणता आलं असतं. दोन अक्षरांचा शब्द आहे. पण त्या वेळी समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि ते विचारत होतं, "किती वेळ लागेल?" मी म्हटलं, "चाळीस मिनिटं."

मला त्याची लाज वाटते. ती कुठल्याच किश्श्यात बसत नाही म्हणून इथे सांगून टाकतो.

*

लोक सदाला विचारत यायचे. सुरुवातीला मी कायकाय सांगायचो. नंतर एक उत्तर पक्कं केलं, "गावी गेला. मालवणला. बाग करतो." ऐकायला बरं वाटायचं. मलासुद्धा खरं वाटायला लागलं होतं. कधी कधी मी त्या बागेत माडसुद्धा मोजायचो.

एक दिवस हिराबाई आली. "सदा कुठं हाय?"

"गावी गेला, हिराबाई. सहा महिने झाले."

"असं?"

"हो ना. बाग करतो. खूश आहे."

"मंग माझ्या नव्या गाडीची पट्टी आता पेट्रोल पंपाजवळ लावतोय तो कोन? भूत?"

माझा चेहरा काय झाला ते मला माहीत नाही. सदा आमच्या गाळ्यापासून दहा मिनिटांवर, लिंक रोडच्या पंपाबाहेर फुटपाथवर पेटी घेऊन बसत होता! त्या रस्त्याने मी रोज जात होतो. अर्थात काच वर करून, एसी लावून.

मी कसंबसं विचारलं, "मग तुम्ही इकडे कशाला आलात?"

"त्यानंच धाडलं. त्याच्याकडचं सिलिकॉन संपलं. म्हनला, नंदूकडं जा, डाव्या हाताच्या खालच्या खणात चांगलं असतंय."

डाव्या हाताच्या खालच्या खणात होतं. किटला सिलिकॉन लागत नाही, त्यामुळे तो गेल्यापासून खण कोणी उघडलाच नव्हता. मी दोन ट्यूब दिल्या. हिराबाईने एक परत ठेवली. म्हणाली, "त्यानं एकच सांगितलंय."

*

कंपनीने मग घरपोच फिटिंग काढलं. मी त्यासाठी एक जुनी पिकअप घेतली, दोन्ही बाजूंना बोर्ड रंगवले आणि हौद्यात पट्टी स्वतःच्या हाताने लावली. किटप्रमाणे. क्लिप दाबल्या, पत्र्याला स्क्रू मारला. अठ्ठावीस मिनिटं! टायवाल्याला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

चार-पाच महिने गाडी छान चालली. एका संध्याकाळी मी बोरिवलीला निघालो होतो. सोसायटीतल्या लोकांना पट्टीचा डेमो द्यायचा होता, म्हणून पट्टी चालूच ठेवली होती, रस्त्यावरच्यांनाही दिसू दे म्हणून. हौद्यात किटचे खोके. लिंक रोडला सिग्नलला उभा असताना शेजारचा रिक्षावाला ओरडला, "ओ शेठ! मागे धूर!"

उतरून बघतो तर स्क्रूच्या जागी पत्रा गंजून वाट लागलेली. जोड तापून वायर वितळली होती आणि तिला लागून असलेला पहिला खोका पेटला होता. रिक्षावाल्याने त्याची पाण्याची बाटली ओतली, मी खोके रस्त्यावर फेकले, पायाने आग विझवली. विझली. पण मागचे सगळे दिवे गेले, इंजिन चालू होईना. मी टायवाल्याला फोन लावला.

"सर, स्क्रूच्या जागेचा रंग खरवडला होता का? नसेल तर तो मिसयूज होतो."

रिक्षावाला म्हणाला, "सोडा ना त्याला. पुढे पंपाजवळ एक मिस्त्री बसतो. वेळ लावतो, पण परत यावं लागत नाही. चला, ढकलतो."

मी नाही म्हणणार होतो. पण मागे हॉर्न वाजत होते. त्याने रिक्षातून पाय काढून माझ्या गाडीला लावला आणि तशीच ढकलत पंपापर्यंत आणली.

सदा उलट्या क्रेटवर बसला होता. केस बरेच पांढरे झालेले. त्याने आधी गाडीवरचा बोर्ड वाचला, पूर्ण, फोन नंबरासकट. मग मला बघितलं. मी म्हटलं, "सदा." तो उठला, हौद्यात चढला, जळक्या जागेशेजारी मांडी घातली.

"हौद्यात काय भरतंस?"

"किट," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. कुठल्याही गिऱ्हाइकाला हलवली असती तशीच. मग कामाला लागला. जळलेली सगळी वायर उपसून बाहेर काढली, क्लिपा एकेक करून माझ्या हातात दिल्या. नवी वायर ओढली. निगेटिव्ह थेट बॅटरीपर्यंत. जोड सोल्डर. अडीच तास लागले. मी एकदाही घड्याळ बघितलं नाही. बोरिवलीहून सहा फोन आले, ते घेतले नाहीत.

मध्ये चहावाला आला. मी घाईने म्हटलं, "एक कटिंग!" म्हणजे दोघांत एक, ते त्याला कळेल म्हणून. सदाने चहावाल्याला दोन बोटं दाखवली. दोन ग्लास आले. त्याने त्याचा प्यायला, मी माझा.

मी बोलायला सुरुवात केली. गाळ्याचं, बोर्डाचं, माझी कशी कोंडी झाली होती त्याचं. म्हटलं, "तू परत ये. उद्या बोर्ड उतरवतो. आईशपथ." तो वायरला स्लीव्ह चढवत होता, ती चढवून झाल्यावर म्हणाला, "टॉर्च जरा हय धर." मी धरला.

शेवटी फ्यूज बसवला. स्विच दाबला. हौद्यात उजेड पडला, त्यात रस्त्यावरून परत भरलेले माझे भिजके, काळवंडलेले खोके दिसले. गाडी चालू झाली. रिक्षावाला अजून थांबला होता, तो म्हणाला, "बोललो होतो ना?"

सदाने पेटीतून एक जादा फ्यूज काढला. टेपचा तुकडा फाडला, फ्यूज शेजारी चिकटवला, अंगठ्याने टेप नीट सपाट केली. खिशातून मार्कर काढला. टोपण दातांत धरलं आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"नाव काय लिवू?"